तुम्ही विचारलंत म्हणून: गर्दीत डोकं शांत कसं राहतं?

‘रोज ठाणे–तुर्भे लोकलने जाऊन तुम्ही चिडत कशा नाही? ते झेन-बिन खरंच उपयोगी पडतं का?’ डब्यातल्या मैत्रिणींपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

चिडते हो, चिडत कशी नाही! नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गाडी लागली, की आतल्या बायका उतरायच्या आधीच बाहेरच्या घुसतात. ते बघून कोणाचंही डोकं फिरेल. पण ही चीड पूर्वी ऑफिसात दुपारच्या चहापर्यंत पुरायची, आता ऐरोली-रबाळेपर्यंत ओसरते.

झेन म्हणजे बौद्धांची एक ध्यानपरंपरा. नाव काढलं की लोकांना डोंगर आणि शांतता आठवते. प्रत्यक्षात त्यातलं बसणं फार साधं आहे. तेराव्या शतकात दोगेन या जपानी भिक्षूने ज्या ‘नुसतं बसण्या’वर भर दिला, त्यात डोळे मिटायचे नसतात. अर्धवट उघडे, नजर खाली. लोकलला याहून सोयीचं काय? पर्सवरही लक्ष राहतं आणि स्टेशनही चुकत नाही. नवशिक्यांना श्वास मोजायला सांगतात. सोडलेला श्वास एक, पुढचा दोन, असं दहापर्यंत, की परत एक. मध्येच आकडा हरवला तरी परत एक. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही (आमच्या डब्यात तेवढी जागाही नसते).

माझं कसं होतं सांगते. तीन म्हणेपर्यंत पुढचीच्या वेणीचा गजरा नाकाशी येतो. चारला कोणीतरी विचारतं, ‘कुठे उतरणार?’ उत्तर द्यायचं, की परत एक. पाचला मन सुरू होतं: गाडी पहिल्याच स्टेशनला, दिघ्याला, थांबून राहिली तर, मीटिंग सुरू झाली असली तर, साहेब सगळ्यांसमोर काही बोलले तर. इथेच खरी मेख आहे. गर्दीने अंग दुखतं, पण जीव खातात ते हे ‘तर’. मोजायला लागल्यावर ते ‘तर’ येताना दिसतात आणि मग धक्का फक्त धक्का राहतो. बास, एवढंच पदरात पडतं. पण तेवढं पुष्कळ आहे.

पुलाचं तर विचारूच नका. झेन मठात दोन बैठकांच्या मध्ये चालण्याचं ध्यान असतं, त्याला किनहिन म्हणतात. हात छातीपाशी घ्यायचे आणि सोतो पद्धतीत (दोगेनच्याच परंपरेत) एका श्वासाला अर्धं पाऊल टाकायचं. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलावर वेग तेवढाच मिळतो, आणि बॅग पुढे धरल्यामुळे हातही आपोआप छातीपाशी असतात! पुढचीच्या टाचांना आपली चप्पल लागू न देता चालायचं म्हटलं, की लक्ष पावलावर ठेवावंच लागतं.

तीन हात नाक्याला रिक्षा अडकते तेव्हा थिक न्यात हान्ह आठवतात. हे व्हिएतनामी झेन गुरू 2022 मध्ये गेले. लाल सिग्नल दिसला की त्याला ध्यानाची घंटा समजा, श्वासाकडे या, असं ते सांगायचे. आपल्याकडे त्या घंटेबरोबर मागून हॉर्नही वाजतात, तेही ऐकायचे. शेअर रिक्षात चौथी सीट बसली की मात्र माझं ध्यान संपतं आणि तोंड सुरू होतं.

तेही बरोबरच आहे म्हणा. शांत बसायचं म्हणजे गैरसोय गोड मानायची, असं कोणी सांगितलं? गाड्या वाढवा म्हणून अर्ज आला की मी सही करते. आणि दारात लटकून असलं काही करू नका. तिथे आकडे नकोत, दांडा धरा.

सुरुवात करायचीच तर आधी हेडफोन पर्समध्ये टाका आणि गाडी सुटली की दिघ्यापर्यंतच मोजा. पहिल्या आठवड्यात तीनच्या पुढे जाल असं वाटत नाही.