कोकोसचा फिंच आणि आजची दुपार

सकाळपासून नुसता धो धो पाऊस, त्यात दुपारी लाइट गेली, मग काय, मोबाईलची उरलेली बॅटरी एका पक्ष्यापायी संपवली. कोकोस फिंच. पॅसिफिकमध्ये कोस्टा रिकापासून साडेपाचशे किलोमीटरवर कोकोस नावाचं बेट आहे, जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं, तिथं पार्कचे रेंजर सोडले तर कोणी राहत नाही, आणि हा पक्षी जगात फक्त तिथंच. पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपली आंबोलीच की!

याला डार्विनच्या फिंचांमध्ये धरतात, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या गटात. बाकीचे सगळे भाऊबंद पॅसिफिकमधल्याच गालापागोस बेटांवर, हा एकटाच बाहेर. आणि गंमत म्हणजे डार्विन १८३५ मध्ये गालापागोसला जाऊन आला पण कोकोसला कधी फिरकलाच नाही, तरी नाव त्याचंच.

गालापागोसमध्ये कसं, चोच बदलली, खाणं बदललं, वेगवेगळ्या जाती झाल्या. इथं जात एकच, चोच सगळ्यांची सारखीच, थोडी खाली वळलेली आणि टोकदार, पण प्रत्येकाचा धंदा वेगळा. एक जण दिवसभर फुलांतला मध पिणार, दुसरा सुकून गुंडाळी झालेल्या पानांत चोच घालून किडे काढणार, तिसरा फांद्याच चाचपणार, आणि तेही शेजारीशेजारी, एकाच झाडीत. वर्नर आणि शेरी या दोघा अभ्यासकांनी १९८७ मध्ये हे मांडलं. वय, नर-मादी, चोचीचं माप, कशानेच याचा उलगडा होईना, मग त्यांचं म्हणणं असं की पिल्लं दुसऱ्यांचं बघून शिकत असावीत. मी हे दोनदा वाचलं. आमच्या घरात तीन भावंडं, एकाच ताटात जेवलेली, आणि तिघांची तीन तोंडं, असो.

व्हिडिओत एक काळाकुट्ट नर लोंबणाऱ्या वाळक्या पानाला उलटा लटकला होता, आधी नुसतं आत डोकावला, मग टर्रकन फाडलं, आत काहीच नाही, लगेच पुढचं पान. किती वेळ तेच चाललेलं. माणसाला घाबरतही नाही म्हणे फारसा, आणि तिथं माणसांनी आणलेली मांजरं आणि उंदीर आहेत, त्यामुळे जीव जरा खालीवर होतो.

आई चहा घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर मादी होती, तपकिरी, अंगावर रेघा.

"एवढं काय बघतोयस, चिमणीच आहे की ती."

बॅटरी ४ टक्के.