ग्लायडर खरेदीची नोंद: जोडणी आणि खोलणी

ठाण्यात रिमोटवरचा ग्लायडर घ्यायचा म्हणजे तो न्यायचा कसा, हे आधी बघावं लागतं. घोडबंदरच्या टॉवरची लिफ्ट, मग रिक्षा, पुढे मुरबाडकडचं माळरान (जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा बघाच, विमानतळाभोवती बंधनं आहेत). दीड मीटरचा अखंड पंख लिफ्टमध्ये उभा मावतो, पण रिक्षातून टोक बाहेर येतं. त्यामुळे आता यादीत फक्त २ मीटरचे, मधोमध सुटणारे पंख उरलेत.

विकणाऱ्यासमोरच जॉइनर (पंखाचे दोन भाग जोडणारी दांडी) घालून बघा. टोक वर-खाली हलवल्यावर खडखडलं तर स्लीव्ह (जॉइनर शिरतो ती नळी) सैल. पंख पिळल्यासारखा फिरला तर मागच्या काठाजवळची पिन सैल. ही दुसरी खोड जास्त वाईट. पंखाचा कोन त्या पिनेवरच ठरतो. तिथे ढिलाई असेल तर वेग बदलला की कोन बदलतो, ग्लायडर एका बाजूला झुकतो आणि ट्रिम (रिमोटवरून केलेली बारीक दुरुस्ती) देऊनही सुधारत नाही.

वायरिंगकडे लोक कमी बघतात. दोन आयलेरॉन (टोकाकडची, ग्लायडर कलवणारी पाती), दोन फ्लॅप (मुळाकडची, वेग कमी करणारी पाती) म्हणजे चार सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी). सुट्या वायरी असतील तर मैदानावर घाईत अदलाबदल होते. पंखाच्या मुळाशी, म्हणजे तो बॉडीला लागतो तिथे, बसवलेला एकच प्लग केव्हाही बरा. मात्र तो दोन्हीकडून घट्ट चिकटवलेला नको, एका बाजूला थोडी हालचाल हवी. नाहीतर ताण थेट सोल्डरवर येऊन सांधा तुटतो. जोडल्यावर स्टिक उजवीकडे नेली की उजवा आयलेरॉन वर गेलाच पाहिजे. हे दर वेळी बघायचं.

टेल काढताना पुशरॉड (सर्व्होपासून टेलच्या पात्यापर्यंतची सळई) सोडावा लागत असेल तर क्लेव्हिस (तिच्या टोकाची आट्यांची चिमटी) एक फेरा जरी फिरला तरी पात्याची मधली जागा चुकते. टेलसकट बॅगेत बसणारी बॉडी बघा.

वरून बोल्टने बसणाऱ्या पंखात नायलॉनच्या बोल्टच्या जागी स्टीलचा घालू नका. जोरात उतरताना बोल्टच तुटायला हवा, पंख नव्हे.

खोलताना सुट्या वायरी असतील तर त्या आधी सोडा. मग दोन्ही पंख मुळाशी धरून सरळ बाहेर ओढा. वर-खाली हलवून काढलं की मुळाची रिब (पंखाच्या आतली आडवी फळी) चिरते. जॉइनर अडकला तर बहुधा धूळ असते: कोरड्या फडक्याने पुसून मेणबत्तीचं मेण चोळा, तेल नको. प्लायवुडचा जॉइनर पावसाळ्यात फुगतो, म्हणून कार्बनचाच.

चुंबकाने धरलेले पंख अजून तपासायचे आहेत. टेपने धरलेल्यांची टेप ओल्या हवेत सुटते, ते यादीतून काढले.