काट्यावर बिऱ्हाड

सकाळी साडेआठला आम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्याच्या रांगेत उभे होतो. पुढे सळयांनी भरलेला ट्रक, मागे पत्र्याच्या गुंडाळ्या लादलेला चौदा चाकी, आणि मधे गाडीच्या हुकाला अडकवलेला आमचा पांढरा कॅम्पिंगचा ट्रेलर, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय भरलंय?"

"काही नाही. घरचंच सामान."

"मग काटा कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण उत्तर लांब होतं आणि मागचा चौदा चाकी हॉर्न देत होता.

हा ट्रेलर मी पुण्याच्या एका गृहस्थांकडून जुना घेतला. बारा फुटी, एका ॲक्सलचा, आत दोन बाकडी आणि एक कपाट. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात होतं. धोरण अजून आमच्या गल्लीपर्यंत आलेलं नाही. नेरूळला रो-हाउससमोर ट्रेलर आणून लावला, त्या संध्याकाळी तिघांनी विचारलं, "चायनीजची गाडी टाकताय का?" चौथ्याने थेट मंचुरियन आहे का तेच विचारलं.

पहिली सहल डिसेंबरात, भंडारदऱ्याला. आर्थर लेकजवळच्या एका शेतात ट्रेलर लावला आणि आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे पाचजण आत झोपलो. थंडी कडाक्याची, म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. पहाटे माझ्या कपाळावर टप्पकन थेंब पडला. मग बायकोच्या गालावर. अंधारातून आई म्हणाली, "अरे, गळतंय हो हे." दार उघडून बघितलं तर आभाळभर चांदण्या.

परत आल्यावर दोन रविवार मी छतावर काढले. प्रत्येक पट्टीखाली ब्युटाइल टेप, प्रत्येक सांध्यावर सीलंट. शेजारचे काका खालून, "डावीकडे एक राहिलाय," असं सांगत होते आणि दर तासाने चहा पाठवत होते. मग माळशेजला गेलो, तर थेंब दुप्पट.

कोडं सोडवलं नववीतल्या मुलीने. "बाबा, हे पाणी बाहेरचं नाहीये. आपलंच आहे." झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचं सव्वा लिटर झालं. ती वाफ थंड पत्र्याला टेकली की थेंब धरते आणि झोपलेल्याच्या कपाळावर परत येते. आधी निदान फटींतून थोडी बाहेर जात होती. त्या फटी मी मन लावून बुजवल्या होत्या. तिसऱ्या रविवारी त्याच छताला चौदा इंची चौकोनी भोक पाडून उघडझाप करणारी झडप बसवली. काकांनी त्या दिवशी चहा पाठवला नाही. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांचं मत पडलं असावं.

झडप बसली आणि थेंब थांबले. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण एक सुधारणा जमली की हात शिवशिवायला लागतात. बायकोने एकच गोष्ट मागितली, कमोड. पहाटे टॉर्च घेऊन झुडपं शोधायला ती पुन्हा जाणार नव्हती आणि आईही नाही. मुलाला वर चढून झोपायला माचा हवा होता. मुलीला वाचायला दिवा आणि मोबाइल चार्ज करायला जागा. या मागण्या वाजवी होत्या. हव्यास माझा होता.

तुर्भ्याहून सुतार आणला. त्याला म्हटलं, हलका प्लाय वापरू. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पुठ्ठ्याचा पलंग मागितला. "साहेब, अठरा एमएमच मारा. आयुष्यभर बघायला नको." आठ बाय चारचा अठरा एमएमचा एक तक्ता पस्तीसेक किलोंचा असतो. तीन तक्ते लागले. मग मागच्या बाकड्याखाली इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक पन्नास किलोंच्या पुढची. बॅटऱ्यांशेजारी साठ लिटरची पाण्याची टाकी, घरूनच भरून नेलेली बरी म्हणून. काम संपल्यावर ट्रेलर आमच्या हॉलपेक्षा देखणा दिसत होता. गल्लीतली मंडळी चपला काढून आत यायची.

मग एका रविवारी पाम बीच रोडला चाचणी. ताशी साठला मुलगी मागच्या काचेतून बघत म्हणाली, "बाबा, शेपूट हलतंय." आरशात पाहिलं. ट्रेलर खरंच डोलत होता, लग्नाच्या वरातीतल्या मामासारखा. ब्रेक मारायचा मोह आवरला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तेव्हा कुठे तो शांत झाला. मी गार पडलो होतो. मुलगा मात्र, "परत एकदा," म्हणत होता.

ट्रेलरच्या एकूण वजनातला दहाएक टक्के भार पुढे हुकावर असावा लागतो. मागचा भाग जड झाला की नाक उचललं जातं आणि शेपूट मोकाट सुटतं. घरी येऊन बाथरूममधला वजनकाटा ट्रेलरच्या पुढच्या, हुकात अडकणाऱ्या दांड्याखाली ठेवला. माझ्या अंदाजाने जिथे शंभरेक किलो हवे होते तिथे चाळीस. पण दहा टक्के कशाचे? अख्ख्या ट्रेलरचं वजन मला कुठे माहीत होतं? म्हणून सहलीला भरतो तसा भरून, आईसकट, कळंबोलीला आलो.

रांगेत मला डॉ. गॉर्डन स्टेबल्स आठवले. नौदलात डॉक्टरकी केलेला हा स्कॉटिश गृहस्थ. त्याने १८८५ मध्ये नुसतं हौसेने हिंडायला चाकांवरचं घर बांधून घेतलं, नाव 'वाँडरर'. वजन दोनेक टन, ओढायला दोन घोडे, आणि समोरच्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे. आमच्यापुढे शेजारचे काका ॲक्टिव्हावर होते. चौकाचौकांत हात दाखवत त्यांनीच आम्हाला इथवर आणलं होतं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला अजून अंगवळणी पडलेलं नाही आणि, "आन दे, आन दे, बास्स," हे काकांइतकं कळवळून कोणी म्हणत नाही.

काट्यावर ट्रेलर सोडवून पुढच्या छोट्या चाकावर उभा केला आणि गाडी पुढे घेतली. आकडा आला, ११८०. चासीवरच्या पाटीवर लिहिलेली मर्यादा होती १०००.

"पावतीवर माल काय टाकू?" काटेवाल्याने विचारलं. मी गडबडलो. गाडीच्या काचेतून आईचा आवाज आला, "संसार लिही."

त्याने खरंच तसं लिहिलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सुनावणी बसली. सगळं सामान ओसरीत काढलं आणि बाथरूमच्या काट्यावर एकेक चढवलं. मुलाची क्रिकेट किट, मुलीची पुस्तकं, बायकोच्या चादरी, सगळे आरोपी थोडक्यात सुटले. कमोड जेमतेम सहा किलोंचं निघालं. आईचा लोखंडी खलबत्ता चार किलोंचा. "चहाचं आलं ठेचायला चार किलो?" मी तावातावाने म्हणालो, "हा घरीच राहील." आई काही बोलली नाही. मग माझी हत्यारांची पेटी काट्यावर चढली. एकतीस किलो. पाने, चार आकारांचे हातोडे, दोन ड्रिल मशीन, आणि कधीतरी लागेल म्हणून घेतलेली एक लोखंडी पहार. पहारीकडे बघून बायको इतकंच म्हणाली, "खजिना शोधायला जातोय का आपण?"

पुढचा महिना उलट्या सुताराचा. अठरा एमएम उतरवून ॲल्युमिनियमच्या चौकटीवर सहा एमएम प्लाय ठोकला. सुतार आला नाही, दुखावला होता. दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या जागी शंभर अँपिअर-अवरची एक लिथियम आली, तेरा किलोंची. जुनी शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याहून जास्त उपसायची नसते. हिच्यातून ऐंशी टक्के बिनघोर काढता येतात. पंखा, चार दिवे आणि सगळ्यांचे मोबाइल एवढ्यात भागतात. टाकी सरकवून ॲक्सलवर आणली. ती आता रिकामीच न्यायची आणि मुक्कामी भरायची. पेटीतून आठ किलो हत्यारं निवडताना मला झालेलं दुःख कोणाला सांगण्यासारखं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा कळंबोली. काटेवाल्याने ओळखलं. "संसार ना?" आकडा ९५०. दांड्याखाली शंभराला थोडे कमी. काकांनी ॲक्टिव्हावरूनच टाळ्या वाजवल्या.

त्याच शनिवारी भंडारदऱ्याला निघालो. कसारा घाट गाडीने कुरकुर न करता चढवला, शेपूट जागच्या जागी. रात्री झडप चार बोटं उघडी ठेवून झोपलो आणि कपाळं कोरडी राहिली. पहाटे जाग आली ती ठक ठक आवाजाने. बाहेर धुक्यात स्टोव्ह पेटलेला आणि त्याच्यापुढे शाल गुंडाळून बसलेली आई खलबत्त्यात आलं ठेचत होती.

"हा कुठून आला? काट्यावर तर नव्हता."

"काट्यावर तू ट्रेलर चढवलास," आई म्हणाली. "मी गाडीत होते. हा माझ्या पायाशी."