तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर सगळं दिसत असताना कॉम्प्युटर कशाला?

मेश रेडिओचा नाद नुकताच लागलेलं कुणी भेटलं की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच. "अ‍ॅपमध्ये सगळे नोड दिसतात, बॅटरी दिसते, मेसेज जातात-येतात. मग तो एक नोड कॉम्प्युटरला वायरने जोडून तुम्ही रोज त्यात काय बघत बसता?" दर वेळी मी काहीतरी तुटक सांगते आणि समोरच्याचं समाधान होत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. मेशटास्टिक हा केविन हेस्टर यांनी २०२० मध्ये सुरू केलेला मुक्त प्रकल्प. तळहातात मावतील असे छोटे रेडिओ, म्हणजेच नोड, लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीने एकमेकांशी बोलतात. सिमकार्ड नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. एकाने सोडलेला मेसेज दुसरा ऐकतो आणि पुन्हा हवेत सोडतो, मग तिसरा. अशा प्रत्येक उडीला हॉप म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये मेसेजला तीन हॉप मिळतात, वाढवून वाढवून सात.

आता उत्तर. फोन मला आत्ता काय चाललंय ते दाखवतो. मला हवं असतं ते गेल्या मंगळवारी रात्री काय चाललं होतं ते. फोन घेऊन मी बाहेर पडले की ब्लूटूथ तुटतं, आणि घरचा नोड दिवसभर जे ऐकतो त्यातलं बहुतेक कुठेच नोंदलं जात नाही. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला नोड मात्र ऐकलेली बहुतेक पॅकेटं, म्हणजे हवेतून येणारे माहितीचे छोटे तुकडे, सांगत राहतो. मेशटास्टिकची पायथन लायब्ररी आहे, तिच्या मदतीने पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्राम लिहिला की प्रत्येक पॅकेटची एक ओळ डेटाबेसमध्ये जाऊन पडते: वेळ, पाठवणारा नोड, प्रकार, किती हॉप झाले, सिग्नल कसा होता, आणि नोडने आपल्या बॅटरीचे किंवा चॅनलचे आकडे पाठवले असतील तर ते. माझी सगळी मांडामांड एवढीच आहे. एमक्यूटीटी (माहिती इकडून तिकडे पोचवणारी पद्धत) आणि ग्राफाना (आलेख काढणारा प्रोग्राम) वापरून सुंदर डॅशबोर्ड करणारे लोक आहेत आणि ते बघायला मला आवडतं, पण सुरुवातीला त्याची गरज पडत नाही.

(एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण यात प्रत्येकाची एक संध्याकाळ जाते. सीरियल पोर्ट, म्हणजे वायरवरून नोडशी बोलायची वाट, एका वेळी एकच प्रोग्राम धरू शकतो. नोंदी घेणारा प्रोग्राम चालू असताना ब्राउझरमधून नोड उघडायला गेलात तर तो जोडला जाणार नाही. रेडिओ बिघडलेला नसतो, पोर्ट अडकलेलं असतं.)

या नोंदींचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणाने सांगते. टेकडीवर आमचा एक सौर नोड आहे. एक लिथियम सेल, एक छोटं पॅनेल, आणि मुद्दाम एनआरएफ५२ चिपचा बोर्ड, कारण ईएसपी३२ या दुसऱ्या नेहमीच्या चिपच्या मानाने तो फारच कमी वीज खातो. अ‍ॅपमध्ये कधीही बघा, बॅटरी सत्तर-ऐंशी टक्के. कुणालाही वाटावं, छान चाललंय. पण मी सहा आठवड्यांचे व्होल्टेजचे आकडे एकाखाली एक लावले तेव्हा सूर्योदयाच्या आधीचा आकडा उतरताना दिसला: ३.९२, मग ३.९०, मग ३.८७. रोजचा फरक इतका बारीक की एकेका दिवसाकडे बघून कळलाच नसता. मग दिवसाची रेघ बघितली. सकाळी ती चढायची, दीडच्या सुमारास अचानक आडवी व्हायची, आणि साडेतीननंतर पुन्हा थोडी चढायची. ढगांमुळे असं रोज एकाच वेळी होत नाही. दुपारच्या वेळी पॅनेलवर कशाची तरी सावली पडत होती. वर जाऊन बघितलं तर एक फांदी वाढून आडवी आली होती. पॅनेल हातभर बाजूला सरकवलं आणि चार दिवसांत पहाटेचा आकडा पुन्हा ३.९५ च्या वर गेला. ढगाळ आठवडा लागण्याआधी हे कळलं नसतं तर नोड बंद पडला असता, आणि आम्ही आधी अँटेना, मग फर्मवेअर (नोडच्या आतला प्रोग्राम), मग एकमेकांवर संशय घेत बसलो असतो.

आकडे वाचताना दोन ठिकाणी चकायला होतं. बॅटरी १०१ टक्के दिसली तर चूक समजू नका, तो नोड बाहेरच्या विजेवर चालू आहे असा त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पॅकेटसोबत जो एसएनआर दिसतो, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो मूळ पाठवणाऱ्याचा नसतो. ज्याच्याकडून ते पॅकेट तुमच्या अँटेनापर्यंत शेवटी आलं, त्याचा असतो. तीन हॉप पलीकडच्या माणसाचा सिग्नल 'जबरदस्त' दिसतो तो शेजारच्या गच्चीवरच्या नोडमुळे. म्हणून मी शून्य हॉपच्या ओळी वेगळ्या काढते आणि सिग्नलचा विचार फक्त त्यांच्यावरून करते.

पण मी कॉम्प्युटरसमोर बसते त्याचं खरं कारण बॅटरी नाही, हवा आहे. आमचे सगळे नोड एकाच चॅनलवर बोलतात आणि एका टापूत एका वेळी एकालाच नीट बोलता येतं. लाँगफास्ट या मूळ सेटिंगमध्ये वेग सेकंदाला जेमतेम एक किलोबिट आहे. चाळीस बाइटचं छोटंसं पॅकेट हवेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेतं, दोनशे बाइटचा मजकूर जवळजवळ दोन सेकंद. आणि हे एकदा सोडण्याचं झालं. प्रत्येक नोड ते पुन्हा सोडतो तेव्हा तेवढाच वेळ पुन्हा जातो. प्रत्येक नोड आपल्या माहितीबरोबर दोन आकडे पाठवतो: गेल्या मिनिटात चॅनल किती भरलेला होता, आणि गेल्या तासात तो स्वतः किती वेळ बोलला. मी बॅटरीपेक्षा हे दोन आकडे जास्त बघते. चॅनल २५ टक्क्यांच्या वर भरला की नोड आपलं ठिकाण सांगणं आपोआप थांबवतात. तिथपर्यंत गोष्ट गेली तर मेसेज हरवायला आधीच सुरुवात झालेली असते.

म्हणूनच नव्या माणसाची एक सवय मला खटकते, आणि ती मी स्पष्ट बोलून दाखवते. कॉम्प्युटर हाती आला की माणूस प्रश्न विचारायला लागतो. दर पाच मिनिटांनी प्रत्येक नोडला ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कोणाकोणामार्फत जातं याची विचारणा, दर दहा मिनिटांनी बॅटरीची चौकशी, हे सगळं प्रोग्राम लावून. प्रत्येक प्रश्न जाताना हवा खातो आणि उत्तर येताना पुन्हा खातं. जाळ्याची तब्येत बघण्याच्या नादात आपणच जाळ्याला आजारी पाडतो. नुसतं ऐकायला मात्र काहीच लागत नाही. नोड आपणहून ठरावीक वेळाने सगळं सांगतच असतात. मी ट्रेसरूट वापरते, पण हाताने, एकेकाला, आणि त्यामागे काही ठोस शंका असेल तरच.

अशी एक शंका गेल्या वर्षी आली. घरच्या नोडला चॅनल नऊ-दहा टक्के भरलेला दिसायचा, तो एका शनिवारपासून वीस-बाविसावर गेला. त्याच शनिवारपासून दूरच्या दोन नोडचे मेसेज येईनासे झाले. नोंदी चाळल्या. नव्या फर्मवेअरमध्ये पॅकेट शेवटी कोणी सोडलं त्याच्या क्रमांकाचा शेवटचा बाइट सोबत येतो. बहुतेक ओळींवर एकच नवा बाइट होता. एका नव्या सभासदाने आपल्या खिडकीतल्या नोडला 'राउटर' ही भूमिका दिली होती. नाव ऐकून कुणालाही वाटेल की राउटर केल्याने मदतच होईल. पण राउटर इतरांच्या आधी बोलतो, आणि दुसऱ्याने तेच पॅकेट पुढे नेलेलं ऐकलं तरी गप्प राहत नाही. उंच मोकळ्या जागी हे उपकारक आहे. खिडकीत ठेवलेला राउटर पॅकेटचे मोजके हॉप तिथल्या तिथे संपवतो. मी त्याला फोन केला, पडद्यावरच्या ओळी पाठवल्या. त्याने साधी 'क्लायंट' भूमिका लावली आणि संध्याकाळपर्यंत आकडा दहाच्या खाली आला. त्याची चूक काढायला मी फोन केला नव्हता, आणि त्यानेही तो तसा घेतला नाही. पुरावा समोर ठेवता आला म्हणून हे दहा मिनिटांत मिटलं.

बघण्याबद्दल एवढं. दुरून सेटिंग बदलण्याबद्दल मी जास्त सावध आहे. फर्मवेअरच्या २.५ या आवृत्तीपासून प्रत्येक नोडला स्वतःच्या किल्ल्यांची जोडी असते (मेसेज कुलूपबंद करायला आणि ओळख पटवायला लागणारे गुप्त आकडे), आणि कोणाच्या हुकमाने सेटिंग बदलायचं याच्या तीन किल्ल्या नोडमध्ये नोंदवता येतात. त्यामुळे मी घरी बसून टेकडीवरच्या नोडची भूमिका बदलू शकते. सोय मोठी आहे, आणि मी तिची किंमत मोजली आहे. मागे एकदा घरच्या नोडचं सगळं सेटिंग फाइलमध्ये काढलं आणि वेळ वाचवायचा म्हणून तीच फाइल टेकडीवरच्या नोडवर दुरून चढवली. नाव आणि ठिकाण तेवढं बदललं होतं. फाइलमध्ये सुरक्षेचाही विभाग असतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. घरच्या नोडची खासगी किल्ली टेकडीवर गेली, आणि 'कोणाचं ऐकायचं' ही यादी घरच्या नोडवर रिकामी होती म्हणून टेकडीवरही रिकामी झाली. नोड सुरू होता, सगळ्यांचे मेसेज इमानदारीने पुढे नेत होता, फक्त माझं काही ऐकत नव्हता. लॅपटॉप आणि यूएसबी केबल घेऊन चढावं लागलं. वर पोचल्यावर काम चार मिनिटांचं होतं.

तेव्हापासून मी दुरून एका वेळी एकच गोष्ट बदलते, ती परत वाचून खात्री करते, आणि पुढची नेहमीची नोंद आपणहून येईपर्यंत थांबते. सेटिंगच्या फाइली प्रत्येक नोडच्या वेगळ्या ठेवते, आणि त्यांत किल्ल्या असतात म्हणून कुणाला पाठवत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही पण विचारायला हवी. मूळ चॅनलची किल्ली जगजाहीर आहे. त्यावर लिहिलेलं, आणि कुणी आपलं ठिकाण पाठवत असेल तर तेही, माझ्या कॉम्प्युटरला वाचता येतं. लोक रोज कुठून कुठे जातात हे महिनोन्‌महिने साठवायची ताकद एका छोट्या प्रोग्राममध्ये आहे. मला ते नको आहे. माझा प्रोग्राम दुसऱ्यांचे मेसेज आणि ठिकाणं लिहूनच घेत नाही, फक्त वर सांगितलेली ओळ, एवढंच. जाळं कसं चाललंय हे कळायला तेवढं पुरतं. तुम्ही सुरू कराल तेव्हा मेसेज आणि ठिकाणं वगळणारी प्रोग्राममधली ती एक ओळ पहिल्याच दिवशी लिहा. आणि पहिले दोन आठवडे काहीही न बदलता नुसतं ऐका. कोणता नोड पहाटे गप्प होतो, पाऊस पडला की कोणाचा सिग्नल उतरतो, कोण उगाच जास्त बोलतो, हे तेवढ्यात दिसायला लागतं. मग मला फोन करा, मिळून बघू.