चाळीस बाप आणि 1 जून

अमळनेरजवळच्या एका कॉलेजात मी एफवायबीकॉमला संख्याशास्त्र शिकवतो. पोरांना बहुलकाचं सूत्र तोंडपाठ असतं. पण बहुलक म्हणजे काय हो, असं विचारलं की माना खाली. सगळ्यात जास्त वेळा येणारी नोंद, एवढंच तर सांगायचं असतं.

त्या दिवशी संभाव्यता होती. हजेरी बरोब्बर चाळीस. मी म्हणालो, "तुमच्यात निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघेल. नाही निघाला तर चहा माझ्याकडून." कुणाला पटेना. दिवस 365, पोरं 40! पण इथे माणसं नाही, जोड्या मोजायच्या. 23 जणांतच 253 जोड्या होतात आणि शक्यता निम्म्यावर जाते, 50.7 टक्के. आधी सगळ्यांच्या तारखा वेगळ्या असण्याची शक्यता काढायची: दुसऱ्याला 365 पैकी 364 दिवस मोकळे, तिसऱ्याला 363, असा गुणाकार करत जायचं आणि उत्तर 1 मधून वजा करायचं. 40 जणांना 89 टक्के येतात. सतराव्या पोरीलाच तारीख जुळली. चहा वाचला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आता पप्पांच्या तारखा घेऊ." एरवी मी वर्गात मोबाइल काढू देत नाही. त्या दिवशी दिला.

एकाने फोन स्पीकरवर टाकला. वडील कापसाच्या शेतात होते. "तारीख? माले काय म्हाईत? मास्तरले इचार!" वर्ग खो खो हसला. मग आधार कार्डाचा फोटो सापडला: 1 जून. फळ्यावर तोवर 1 जून पाच वेळा लिहून झाला होता. शेवटी आकडा अकरावर थांबला.

माझ्या पिढीला यात नवल नाही. जन्मदाखला नसायचा, शाळेत घालताना वय भरलेलं दिसावं म्हणून मास्तर 1 जून टाकून मोकळे. एकीची आजी फोनवर ठासून सांगत होती, पोरगा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. पोळा श्रावण अमावास्येला, तो जूनमध्ये कुठून येणार? ऑफिसातल्या बाबूंना मात्र याचा हिशेब पक्का माहीत. 1 तारखेचा जन्म असला की नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो, म्हणून 31 मेला निरोप समारंभांची रांग लागते.

बहुलक त्या दिवशी कुणाला समजवावा लागला नाही. माझं सूत्र मात्र उघडं पडलं: प्रत्येक दिवस सारखाच संभवनीय, हे त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि मास्तरांच्या लेखणीला ते मान्य नव्हतं.

"अकरा काढून टाका, सर." काढले. उरले 29, शक्यता 68 टक्के. एकही जोडी जुळली नाही.

"सूत्र फेल!"

"अरे, उरलेले 32 टक्केही कधीतरी येणारच ना?"

पैज पोरांच्या वाढदिवसांवर होती, बापांच्या नव्हती. हे मी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी कॅंटीनला चाळीस कटिंग सांगितले.