वादळाच्या पुढून की मागून

कंपनीच्या ऑफिसातून परवा पुन्हा मेल आला. जून २०२३ च्या, बिपरजॉय वादळातल्या त्या फेरीचा लॉग, बॅरोमीटरच्या नोंदी आणि आखलेला मार्ग परत पाठवा, चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा, उशिराचा आणि जादा तेलाचा दावा अजून मिटलेला नाही. पाठवलं सगळं. पण कागद पुन्हा समोर आले की झोप जाते, म्हणून लिहून काढतोय.

मी सेकंड ऑफिसर. मार्ग आखणं माझं काम आणि बारा ते चारचा वॉच, दुपारचाही आणि रात्रीचाही. यूएईमधल्या रास अल खैमातल्या मिना सक्र बंदरातून चुनखडी भरून निघालो होतो, जायचं होतं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरात. माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास. असं पोर्ट क्वचित मिळतं, त्यामुळे मार्ग आखताना मी खुशीत होतो हे कबूल.

६ जूनला अरबी समुद्राच्या आग्नेय भागात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, तयार झालं आणि त्याच दिवशी त्याला बिपरजॉय हे नावही मिळालं. ९ जूनला पहाटे आम्ही ओमानच्या आखातातून बाहेर पडत ओमानच्या पूर्व टोकाला, रास अल हद्दजवळ आलो, तेव्हा ते गोव्याच्या पश्चिमेला साधारण ८०० किलोमीटरवर होतं आणि रेंगाळत उत्तरेला सरकत होतं. आमची सरळ रेघ त्याच्या बरोबर तोंडासमोरून जात होती.

किनाऱ्यावर बसून जहाजांना हवामानाप्रमाणे मार्ग सुचवणाऱ्या कंपन्या असतात. त्यांचे पैसे चार्टरर भरतो. सकाळीच त्यांचा मेल आला, रंगीत नकाशासकट: २२ अंश उत्तरेवरून पूर्वेला जा, वादळाच्या पुढून पार व्हा, मग सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडून खाली उतरा. ‘वेळेत पोहोचाल.’ या मंडळींचं गणित चुकत नाही, फक्त ते ज्या जहाजाचं मांडतात ते जहाज कधी बिघडत नाही.

आम्हाला शिकवलेला नियम जुना आहे. अंदाजाची चूक २४ तासांना १०० सागरी मैल, ४८ ला २०० आणि ७२ ला ३०० धरायची, त्यात ३४ नॉटचा (ताशी ३४ सागरी मैल) वारा जिथवर पोहोचतो ती त्रिज्या मिळवायची आणि त्या वर्तुळात पाऊल टाकायचं नाही. मी वर्तुळं काढली. ७२ तासांचं वर्तुळ वर कराचीजवळ टेकलं आणि पूर्वेला मुंबईच्या पार गेलं. पुढून जायला समुद्रच उरला नव्हता. त्यात हवामानाच्या मॉडेलांचं एकमत नव्हतं, काही रेषा गुजरातकडे, काही पाकिस्तानकडे, तर काही ओमानकडे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र टीव्हीवाल्यांनी वादळ थेट मुंबईवर आणून ठेवलं होतं.

कॅप्टनने चार्टकडे पाहिलं आणि म्हणाला, “याच्या पुढून जायचं नाही. ओमानच्या मसिरा बेटाच्या बाजूने खाली उतरू, त्याला वर जाऊ दे, मग मागून पूर्वेला वळू.” कारण वर्गात शिकवतात तेच. उत्तर गोलार्धात वादळ उत्तरेला चाललं असेल तर पूर्वेकडचा अर्धा भाग घातक, तिथला वारा जहाजाला वादळाच्या वाटेवर ढकलतो. सौराष्ट्राकडून गेलो असतो तर त्याच अर्ध्या भागात अडकलो असतो आणि डाव्या हाताला किनारा, म्हणजे पळायला जागाच नाही. पश्चिमेला राहिलं तर वारा पाठीमागून घेऊन दक्षिणेला निसटता येतं.

हे झालं मेलमध्ये लिहिलेलं कारण. दुसरं कारण लिहिलं गेलं नाही. मागच्या बंकरचं, म्हणजे मागच्या वेळी जहाजात भरलेलं, इंधनाचं तेल खराब होतं. फ्युएल फिल्टर सारखे चोंदत होते, चीफ इंजिनिअरची माणसं पाळ्या लावून ते साफ करत होती आणि आखातात एकदा इंजिनाचा वेग आपोआप उतरला होता. भरलेलं जहाज वादळाच्या तोंडासमोर बंद पडलं तर काय, हा विचार कॅप्टनच्या डोक्यात वाऱ्यापेक्षा जास्त होता असं मला वाटतं. पण ते चार्टररला लिहायची सोय नाही. लिहिलं की ‘तुमचं जहाज नादुरुस्त आहे’ म्हणून भाडं कापायला तो मोकळा. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या प्रकरणातला ३४-१ नियम सांगतो की सुरक्षिततेचा निर्णय कॅप्टनचा, त्याला मालक किंवा चार्टरर कुणीही अडवू शकत नाही. अडवत कुणी नाहीच. नंतर बिल पाठवतात.

खाली उतरलो. ११ जूनला वादळ अत्यंत तीव्र झालं आणि त्याच दिवशी आम्ही त्याच्या सगळ्यात जवळ होतो, पश्चिमेला तीनशे मैलांच्या आत-बाहेर. त्या सकाळची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतार. त्यामुळे दुपारी दाब दीड हेक्टोपास्कलने उतरला तर नवा कॅडेट घाबरतो, जुना माणूस चहा पितो. त्या दिवशी मी वॉच नसताना साडेनऊला ब्रिजवर गेलो. दहा वाजले, सव्वादहा झाले, चढ आलाच नाही. काटा जिथल्या तिथे. दहाचा चढ वजा जाता दाब हंगामाच्या सरासरीच्या तीन हेक्टोपास्कलने खाली निघाला, म्हणजे पुस्तकाप्रमाणे वादळाची शंका घ्यायची वेळ. उपग्रहाच्या चित्रापेक्षा मला त्या न हललेल्या काट्याने जास्त पटवलं. वारा उत्तरेचा, किंचित वायव्येकडे झुकलेला. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळ उजव्या हाताला, जरा मागे. बरोबर होतं.

आम्ही निरीक्षण हवामान खात्याला पाठवलं. वादळाजवळून सगळी जहाजं पळून जातात, त्यामुळे ऐन वादळाच्या भोवती समुद्रावरचा दाब मोजणारं कुणीच नसतं आणि तीव्रता ढगांच्या आकारावरून, ड्वोरॅक पद्धतीने ठरवावी लागते. आपला एक आकडा तिथे कामाचा असतो. बरेच अधिकारी हे काम कटकट म्हणून टाळतात, मला त्यांचा राग येतो.

बाकी त्रास झाला तो दगडाचा. चुनखडी जड, तळाशी बसते, जहाज ताठ होतं. ताठ जहाज हेलकावत नाही, झटके देतं. मागून उत्तरेची लाट आणि बाजूने मान्सूनचा नैर्ऋत्येचा स्वेल (दूरवरून येणारी लांब लाट), अशा आडव्या-उभ्या समुद्रात ते बुडाला जड असलेल्या बाहुलीसारखं उसळी मारून सरळ होत होतं. गॅलीत दोन दिवस खिचडीच शिजली. इंजिन एकदाही बंद पडलं नाही.

त्या संध्याकाळी नेट मिळालं तेव्हा बाबांशी बोललो. मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू, होड्या ओढून ठेवलेल्या. ते म्हणाले, “वारा काहीच नाय रे, पण लाट खालून उचलतेय. गणपतीपुळ्याला पाणी दुकानांपर्यंत शिरलं.” वादळ तेव्हा किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब होतं. त्याचा लांब अंतराचा स्वेल मात्र पुढे निघून आला होता आणि रविवार असल्याने किनाऱ्यावर ही गर्दी. हवामान खातं बजावत होतं, लोक सेल्फी काढत होते.

मागून वळून आम्ही पोहोचलो तोवर ते पार कच्छच्या तोंडाशी गेलं होतं. १५ जूनच्या रात्री जखाऊजवळ जमिनीवर चढलं. आम्हाला नियोजित दिवसापेक्षा दोन दिवस उशीर झाला आणि जादा तेल जळलं.

आणि तसंच दुसरं एक जहाज, तोच दगड भरून आमच्या पाठोपाठ निघालेलं, २२ अंशांवरून पुढून गेलं आणि आमच्या आधी धक्क्याला लागलं. चार्टररच्या पत्रात त्याचाच दाखला आहे.

नंतर वादळाचा खरा मार्ग घेऊन मी गणित परत केलं. साडेअकरा नॉट धरले तर आम्ही केंद्रापासून दोनशे मैलांच्या आसपास राहून निघून गेलो असतो. फिल्टर टिकले असते तर. आणि ते टिकले, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कॅप्टनची भीती खरी ठरली नाही आणि खोटीही ठरली नाही. दाव्याच्या कागदांत अशा गोष्टीला रकाना नसतो. ते तेलाचं कारण तेव्हाच लिहायला हवं होतं का, यावर आमच्या चीफ ऑफिसरचं आणि माझं आजही जमत नाही. तो म्हणतो लिहायला हवं होतं. त्याला कधी भाडेकपातीचं उत्तर द्यावं लागलेलं नाही.

त्या दुसऱ्या जहाजावर माझा बॅचमेट सेकंड ऑफिसर होता. मध्यंतरी फोनवर भेटला तेव्हा मी विचारलं, “तुमच्या कॅप्टनने पुढून जायचं कसं काय ठरवलं रे?”

“ठरवलं कुठे?” तो म्हणाला. “मेल आला, आम्ही कोर्स बदलला.”