30 टक्के कोणत्या ओळीवर?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्समधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा वीजबिलाचा फोटो पडतो आणि खाली प्रश्न येतो : "वीजबिलात कबूल केलेली ती 30 टक्के कपात कधी?" राग बरोबर आहे, पण तो बिलाच्या तळाशी, एकूण रकमेवर काढला जातो. नेत्याचं आश्वासन एकूण रकमेवर कधीच बसत नाही. ते बसतं बिलातल्या एखाद्या ओळीवर, आणि तीही कुठली हे बोलताना सांगितलं जात नाही.

आधी आश्वासन नेमकं काय होतं ते बघू. 5 नोव्हेंबर 2024 ला कोल्हापुरात तेव्हाचे मुख्यमंत्री आणि आपल्या ठाण्याचे एकनाथ शिंदे यांनी दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणींना 1500 चे 2100, जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर, वीजबिलात 30 टक्के कपात.

आता 30 चं पुढे काय झालं? वीज नियामक आयोगाने 28 मार्च 2025 ला दरकपातीचा आदेश काढला. महावितरणने लगेच हरकत घेतली आणि एप्रिल उजाडताच त्याला स्थगिती आली. मग 25 जूनला नवा आदेश, लागू 1 जुलैपासून. त्यावर मुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के दर कमी होतील. म्हणजे 30 चे 26 झाले, तेही पाच वर्षांत. आणि पहिल्या वर्षाचे जे 10, ते फक्त पहिल्या 100 युनिटना.

हे 100 युनिटचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. घरगुती दराचे चार टप्पे आहेत : 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. जूनच्या आदेशात पहिल्या टप्प्याचा युनिटमागे दर वहन आकारासकट (वीज वाहून आणण्याच्या खर्चासकट) 6.32 वरून 5.74 वर आला. पण दुसऱ्या टप्प्याचा 12.23 वरून 12.57 झाला, तिसऱ्याचा 16.77 वरून 16.85, चौथ्याचा 18.93 वरून 19.15. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

240 युनिट वापरणारं टू बीएचके घ्या. जुन्या दराने 632 अधिक 1712, म्हणजे 2344 रुपये. नव्याने 574 अधिक 1760, म्हणजे 2334. फरक दहा रुपये. बिलावर लागणारं 16 टक्के वीज शुल्कही त्या प्रमाणात कमी झालं म्हणून फार तर बारा. वापर 270 युनिटच्या पुढे गेला की तेही संपतं आणि बिल उलट वाढतं. मग लोक म्हणतात, "कपात झाली म्हणता, कुठे आहे?" कपात आहे, त्यांच्या टप्प्यात नाही एवढंच.

सरकारची बाजूही खोटी नाही. राज्यातले सुमारे 70 टक्के घरगुती ग्राहक 100 युनिटच्या आत आहेत, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. पण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये 100 युनिट म्हणजे काय? जुने 75 वॅटचे तीन पंखे दिवसाला बारा तास फिरले तर महिन्याला 81 युनिट त्यांचेच. फ्रिजचे 30-40. संपले शंभर. गिझर, मिक्सर, वॉशिंग मशिन अजून मोजलंच नाही.

त्यात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे बघितलंच जात नाही : इंधन समायोजन आकार. वीज खरेदीचा खर्च ठरवलेल्या दरापेक्षा वाढला की तो या ओळीतून वसूल होतो. त्यासाठी ना सभा लागते ना घोषणा. सप्टेंबर 2025 च्या वापरावर तो पहिल्या टप्प्यात 35 पैसे, दुसऱ्यात 65, तिसऱ्यात 85 आणि चौथ्यात 95 पैसे लागला. आपल्या 240 युनिटवाल्या घराला 35 अधिक 91, म्हणजे 126 रुपये, आणि त्यावर पुन्हा 16 टक्के. बारा रुपये वाचले होते, दीडशेच्या आसपास गेले. 100 युनिटच्या आतल्या माणसाचेही युनिटमागे वाचलेल्या 58 पैशांपैकी 35 गेले.

हे एकाच पक्षाचं दुखणं समजू नका. 2020 च्या लॉकडाऊननंतर फुगलेली बिलं आली, तेव्हा महाविकास आघाडीचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीत गोड बातमी देऊ म्हटलं होतं. दिवाळी संपताच उत्तर आलं की वापरलेल्या विजेचं बिल भरावंच लागेल.

मग करायचं काय? कळवा-मुंब्रा-शीळमध्ये बिल टोरंट कंपनीचं येतं, बाकी ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणचं, पण टप्पे आणि दर दोन्हीकडे सारखेच. बिल हातात आलं की आधी मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा. रीडिंग 36 दिवसांनी झालं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून मिळायला हवेत. ते मिळाले नसतील तर सहा दिवसांचे युनिट महागड्या टप्प्यात ढकलले गेले असं समजा, आणि तक्रार करा. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर मीटरचा तारखेसकट फोटो सोबत जोडा.

वाचवायचं ते वरच्या टप्प्यातून वाचवा. तेच तीन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले, 30 वॅटचे, तर 81 चे 32 युनिट होतात. हे 49 युनिट जुलै 2025 च्या 12.57 च्या दरातले होते, शुल्क धरून महिना सातशेच्या घरात. 240 युनिटच्या बिलावर 30 टक्के म्हणजे आठशेच्या पुढची रक्कम झाली असती. सरकारने द्यायचं ते आपण स्वतःच्या खिशातून पंखे आणून मिळवायचं, हा विनोद कडूच आहे, पण हिशोब खरा आहे. एसीचं उलट : रात्री सहा युनिट धरले तर महिन्याला 180, 240 चे 420 होतात. वापर पावणेदोनपट, बिल दुपटीच्या वर.

वचनात सौर ऊर्जेचाही उल्लेख होता. तीन किलोवॅटला केंद्राचं 78,000 अनुदान मिळतं, पण ते स्वतःचं छप्पर असलेल्याला. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून महिन्याला 120 च्या आसपास युनिट मिळतात. 25 मजली टॉवरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून किती उरतं? लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरपुरतं होतं. त्याला सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 मिळतात, ते जरूर घ्या. मेंटेनन्स कमी होईल, घरचं बिल नाही.

सिलिंडरचीही तीच तऱ्हा. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन मोफत, पण जोडणी बाईच्या नावावर हवी, सिलिंडर 14.2 किलोचाच, आणि पैसे आधी पूर्ण भरायचे, परतावा नंतर. पाइपगॅसवाल्यांना यातलं काही नाही. 8 एप्रिल 2025 ला सिलिंडरमागे 50 रुपये वाढले ते मात्र सगळ्यांना. 2100 चं तर मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात नावही नव्हतं. महिन्याला 600 चा फरक, म्हणजे वर्षाचे 7200 रुपये होतात हे.

राहिली सुरक्षा ठेव. आर्थिक वर्ष संपलं की तिचं वेगळं बिल येतं आणि लोक त्याला दुप्पट बिल समजून भांडतात. वर्षभराच्या सरासरीने दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव लागते. त्यामुळे उन्हाळ्यात एसी चालला की पुढच्या वर्षी ठेवही वाढते. तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं. ती ओळ बिलात दिसत नसेल तर कार्यालयात जाऊन विचारा, आणि जाताना जुनी ठेव भरल्याची पावती सोबत ठेवा.